एका नगाला किती?

गेल्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्या ऑफिसात चिठ्ठ्या टाकल्या. जिच्या किंवा ज्याच्या नावाची चिठ्ठी येईल, त्या व्यक्तीला नाताळच्या सुटीआधी भेट द्यायची. अट अशी की भेट स्वतःच्या हाताने केलेली हवी, शक्यतो झाडावर टांगता येईल अशी. मी जर्मनीतल्या येना नावाच्या शहरात सॉफ्टवेअरचं काम करते. दिवसभर कळफलक बडवणाऱ्या माझ्यासारखीला ही अट म्हणजे संकटच. शेवटचं काही हाताने केलं असेल तर शाळेत असताना, बाबांबरोबर, दिवाळीचा आकाशकंदील. त्यातही बांबूच्या काड्या बाबांनी बांधल्या होत्या, मी नुसती खळ लावत होते.

माझी अवस्था बघून शेजारच्या टेबलावरच्या, साठीला टेकलेल्या सहकारी बाईंनी जेवणाच्या सुटीत मला कागदाचा एक तारा शिकवला. सारख्या रुंदीच्या चार पट्ट्या घ्यायच्या. लांबी रुंदीच्या साधारण तीसपट. प्रत्येक पट्टी मधोमध दुमडायची आणि टोकं तिरपी कापायची. मग चारही पट्ट्या एकमेकींच्या पोटात अडकवून मधोमध चटईसारखी चौकडी विणायची. उरलेल्या शेपट्या ठरावीक क्रमाने दुमडत गेलं की आधी आठ सपाट टोकं तयार होतात. नंतर त्याच शेपट्यांना गोल वळवून विणीखाली सरकवलं की दोन्ही बाजूंना चार-चार शंकू उभे राहतात. एकूण सोळा टोकं. डिंक नाही, टाचणी नाही. पायऱ्या चुकल्या नाहीत तर दर वेळी तेच उत्तर येतं, हे मला फार आवडलं. आठवडाभर मी रोज रात्री तारे करत बसले.

रविवारी सोलापूरला व्हिडिओ कॉल लावला आणि आजीला टेबलावरची रास दाखवली. लाल, पांढरे, सोनेरी, बारा तारे. आजीने चष्मा पुसून पुन्हा लावला, फोन जवळ घेतला.

"चांगलं झालंय की. एका नगाला किती देतेत?"

मी हसले. म्हटलं, "अगं आजी, विकायचे नाहीयेत. भेट द्यायचेत."

"फुकट?"

"फुकट."

तिने मान हलवली आणि विषय बदलला. मी फोन ठेवला, पण तो प्रश्न काही गेला नाही. माझ्या आजीने चाळीस वर्षं विड्या वळल्या. हाताने केलेली वस्तू म्हटली की तिच्या डोक्यात पहिल्यांदा दर येतो. माझ्या डोक्यात तो आला नाही, कारण तिने वळलेल्या विड्यांतून बाबांची शाळा झाली आणि बाबांच्या यंत्रमागावरच्या पगारातून माझं इंजिनिअरिंग. पुढचे काही महिने मी या ताऱ्याचा आणि नाताळच्या झाडावरच्या बाकी शोभेच्या वस्तूंचा इतिहास वाचत गेले. आजीचा प्रश्न तिथे आधीपासूनच होता. आणि मी राहते त्या थुरिंगिया राज्यातच, एका डोंगररांगेत, त्याची दोन वेगवेगळी उत्तरं होती.

खायचं झाड

नाताळच्या सजवलेल्या झाडाचं एक जुनं वर्णन १६०५ सालचं आहे, स्ट्रासबुर्ग शहरातलं. लोक दिवाणखान्यात सूचिपर्णी झाडं उभी करतात आणि त्यांवर रंगीत कागदाची गुलाबं, सफरचंदं, पातळ बिस्किटं, सोनेरी वर्ख आणि साखरेच्या वस्तू टांगतात, असं त्यात लिहिलंय. म्हणजे झाडावरच्या वस्तूंतल्या निम्म्याअधिक खायच्या होत्या. सहा जानेवारीच्या सुमारास झाड उतरवलं की ती मुलांनी लुटायची. कागदाची गुलाबं घरातच व्हायची. देणारा, करणारा आणि घेणारा एकाच छताखाली असल्यावर दर ठरवायचा प्रश्न येत नाही. आपल्याकडच्या गुढीवरच्या गाठीसारखंच हे. शोभा बघायची आणि शेवटी पोटात जायची.

पुढच्या दोनशे वर्षांत झाड जर्मन भाषक प्रदेशातल्या घराघरांत पोचलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यावरच्या वस्तूंनी दोन वाटा धरल्या. एक वाट कागदाची आणि दुसरी काचेची. या दोन वाटांची उगमस्थानं नकाशावर बघितली तेव्हा मी चकित झाले. थुरिंगियाच्या डोंगरातली ओबरवाइसबाख आणि लाउशा ही गावं. सरळ रेषेत मोजलं तर दोघांत पंधरा किलोमीटरसुद्धा अंतर नाही.

फ्रोबेलचे चेंडू

मी शिकलेल्या ताऱ्याला जर्मनीत फ्रोबेल तारा म्हणतात. फ्रीडरिश फ्रोबेल १७८२ मध्ये ओबरवाइसबाखला जन्मला. वडील पाद्री. नऊ महिन्यांचा असताना आई गेली. पंधराव्या वर्षी एका वनरक्षकाकडे उमेदवारीला ठेवला गेला. पुढे येनाच्या विद्यापीठात शिकायला आला आणि कर्ज न फिटल्यामुळे विद्यापीठाच्या कोठडीत काही आठवडे बंद होता. माझ्या शहरातला हा किस्सा मला विशेष प्रिय आहे. शिक्षणाच्या जगात एवढं नाव केलेला माणूस आमच्याकडे थकबाकीदार होता.

नंतर बर्लिनमध्ये त्याने खनिजशास्त्रज्ञ ख्रिस्टियान वाइस यांच्या हाताखाली स्फटिकांच्या संग्रहावर काम केलं. स्फटिक कसा वाढतो, एका साध्या आकारातून ठरावीक नियमाने गुंतागुंतीचा आकार कसा होतो, हे तो रोज बघत होता. पुढे लहान मुलांसाठी त्याने जी खेळणी रचली, त्यांत हे स्फटिक दिसतात. लाकडी गोळा, दंडगोल आणि घन. मग आठ तुकड्यांत विभागलेला घन. मग आणखी तुकडे. या संचांना त्याने नाव दिलं 'गाबे', म्हणजे देणगी किंवा भेट. त्यांच्या जोडीला हाताची कामं होती: कागद दुमडणं, पट्ट्या विणणं, टोचणं, शिवणं, मातीकाम.

१८३७ मध्ये त्याने ब्लांकेनबुर्ग या गावी आपली संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला नाव दिलं 'किंडरगार्टन'. मुलांची बाग. सहा-सात वर्षांखालच्या मुलाचं काम म्हणजे खेळ, हे त्याचं म्हणणं आज आपल्याला पाठ्यपुस्तकी वाटतं. ज्या डोंगरात पाच वर्षांचं पोर घरच्या धंद्याला हातभार लावत होतं, तिथे ते पाठ्यपुस्तकी नव्हतं.

तारा फ्रोबेलने स्वतः शोधून काढला असं म्हणायला आधार नाही. कागद दुमडण्याची आणि विणण्याची आवड किंडरगार्टनमधून घराघरांत गेली आणि ताऱ्याला त्याचं नाव चिकटलं. पण त्याची एक वस्तू बघून मी थबकले. 'गाबे'च्या मालिकेतली पहिली भेट, अगदी तान्ह्या मुलासाठी: सहा मऊ, रंगीत चेंडू, प्रत्येकाला वरून दोरी. आईने दोरी धरून चेंडू हलवायचा, लपवायचा, पुन्हा दाखवायचा. दोरीला टांगलेला रंगीत गोळा. डिसेंबरमध्ये जर्मनीतल्या कुठल्याही दुकानात शिरा, समोर हजारो दिसतात.

सत्तेला मात्र हे सगळं धोकादायक वाटलं. ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. आरोप नास्तिकतेचा आणि समाजवादाचा. त्यात फ्रोबेल आणि त्याचा पुतण्या कार्ल यांच्या लिखाणाची गल्लत झाली होती. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० मध्ये. तोवर त्याच्या शिष्या देशाबाहेर पांगल्या होत्या.

काचेचं गाव

लाउशात काच आली ती १५९७ मध्ये. हान्स ग्राइनर आणि ख्रिस्टोफ म्युलर या दोघांना तिथे काचभट्टी घालायचा परवाना मिळाला. भट्टीला लाकूड लागतं आणि डोंगरात जंगल अमाप होतं. गाव त्या भट्टीभोवती वाढलं. भट्टीवर जागा नसलेले कारागीर घरीच दिव्याच्या ज्योतीवर काचेच्या नळ्या तापवून मणी आणि बारीकसारीक वस्तू करू लागले.

गावात एक गोष्ट सांगतात. एका गरीब कारागिराला झाडावर टांगायला अक्रोड आणि सफरचंदं विकत घेणं परवडत नव्हतं. म्हणून त्याने ती काचेची फुंकली. गोष्ट गोड आहे आणि ती गोष्टच आहे. कागदोपत्री पुरावा आहे तो १८४८ सालचा, एका कारागिराच्या मागणीवहीतला: नाताळचे गोळे, वेगवेगळ्या आकारांचे, सहा डझन.

हे दोन्ही शेजारी ठेवले की मला मजा वाटते. दंतकथेत माणूस स्वतःच्या मुलांसाठी गोळा फुंकतो. वहीत मात्र तो सहा डझनांच्या हिशेबात आहे, कुणा दुसऱ्याच्या झाडासाठी.

सुरुवातीला गोळ्यांना आतून कथील किंवा शिशाचा मुलामा देत. साधारण १८७० पासून सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण वापरात आलं. १८६७ मध्ये गावात गॅसचा कारखाना झाला, ज्योत जास्त गरम आणि सारखी मिळू लागली, त्यामुळे पातळ काचेचे मोठे गोळे फुंकता येऊ लागले. तंत्र सुधारलं तसा माल वाढला आणि घराचा कारखाना झाला. बाप ज्योतीपाशी बसून फुंकायचा. आई नळीच्या तोंडातून चांदीचं द्रावण आत घालून गोळा हलवत राहायची, आतून सगळीकडे चकाकी येईपर्यंत. मुलं रंगवायची, वाळल्यावर वरची नळी कापायची, पत्र्याची टोपी बसवायची, खोक्यात भरायची. स्वयंपाक, झोप आणि काम एकाच खोलीत. सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागलं की कातडी काळी पडते आणि धुऊन जात नाही.

हे वाचताना मला आमच्या घरातली मधली खोली दिसत होती. आजी भिंतीला टेकून, मांडीवर सूप. तेंदूची पानं रात्री भिजवून ठेवलेली. सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, त्यात तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची. तोंडं बंद करायचं काम शाळेतून आल्यावर आत्यांचं आणि बाबांचं. दिवसाला आठशे-नऊशे. तिची बोटं तंबाखूने पिवळी-तपकिरी झाली होती. काम सोडून बरीच वर्षं झाली तरी अंगठ्याच्या नखाजवळचा रंग गेलेला नाही.

तयार माल लाउशाच्या बायका पाठीवरच्या उंच टोपल्यांत भरायच्या आणि डोंगर उतरून सोनेबर्गला न्यायच्या. अंतर वीसेक किलोमीटर. सोनेबर्ग हे खेळण्यांच्या व्यापाराचं गाव. तिथले घाऊक व्यापारी नमुना देत, मागणी देत आणि दरही तेच ठरवत. बाईने टोपली उतरवायची, माल मोजून घेतला जायचा, फुटलेला-बिघडलेला बाजूला, उरलेल्याचे पैसे. त्यातूनच पुढच्या आठवड्याच्या सामानाची तजवीज.

आजीसुद्धा आठवड्यातून काही दिवस डोक्यावर टोपली घेऊन कारखान्यात जायची. मोजणारा काही विड्या सैल म्हणून, काही आखूड म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे मिळायचे नाहीत आणि त्या विड्याही परत मिळायच्या नाहीत. "टाकाऊ होत्या तर ठेवून का घेतल्या?" हा प्रश्न मी सात-आठ वर्षांची असताना तिला विचारला होता म्हणे. ती म्हणाली होती, "तू शिक, मग त्याला जाऊन विचार."

फिलाडेल्फिया

थुरिंगियाच्या या दोन्ही वस्तू, फ्रोबेलची खेळणी आणि लाउशाचे गोळे, अटलांटिक ओलांडून अमेरिकेला गेल्या. आणि योगायोग असा की दोघींच्या प्रवासात एक शहर समान आहे.

गोळ्यांची कथा आधी. फ्रँक वूलवर्थ नावाचा तरुण पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावी पाच आणि दहा सेंटच्या वस्तूंचं दुकान चालवत होता. १८८० मध्ये तो फिलाडेल्फियाच्या एका आयातदाराकडे गेला. आयातदाराने काचेचे रंगीत गोळे दाखवले. वूलवर्थला ती वस्तू निरुपयोगी वाटली. फार गळ घातल्यावर त्याने पंचवीस डॉलरचा माल घेतला आणि तो दोन दिवसांत संपला, असं तो पुढे सांगायचा. दहा वर्षांनी तो स्वतः खरेदीसाठी जर्मनीला गेला. ही खेळणी आणि गोळे करणारी माणसं किती हलाखीत राहतात ते त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि घरी पाठवलेल्या पत्रांत लिहिलंही. मागणी मात्र वाढतच गेली. १८८६ मध्ये लाउशापर्यंत रेल्वे आली होती. माल आता डब्यांतून जात होता.

त्याच १८८६ साली फिलाडेल्फियात एक मराठी बाई उतरल्या. पंडिता रमाबाई. आनंदीबाई जोशी यांना तिथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळणार होती, त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. समारंभ मार्चमध्ये झाला. रमाबाई मात्र परत न फिरता अमेरिकेतच राहिल्या आणि त्यांनी किंडरगार्टनच्या शिक्षिकांसाठी असलेल्या प्रशिक्षणात नाव घातलं.

अमेरिकेत फ्रोबेलची पद्धत तोवर चांगली रुजली होती. मार्गारेट शुर्त्स या जर्मन बाईंनी १८५६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या आपल्या घरी मुलं जमवून सुरुवात केली. एलिझाबेथ पीबडींनी १८६० मध्ये बोस्टनला शाळा काढली. १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या मोठ्या प्रदर्शनात तर चालतं-बोलतं किंडरगार्टन लोकांसमोर मांडलं होतं. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटच्या आईने तिथे फ्रोबेलचे ठोकळे पाहिले आणि मुलासाठी घेतले. आपल्या हातांत त्या ठोकळ्यांचा आकार राहिला, असं राइट म्हातारपणापर्यंत सांगत असे.

रमाबाईंनी ते ठोकळे आणि कागद वेगळ्या कारणासाठी हातात घेतले. त्यांना भारतात उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा काढायची होती. सोळा-सतरा वर्षांच्या, कधीकधी त्याहून लहान मुली, ज्यांचं बालपण लग्नात गेलं आणि उरलेलं वैधव्यात. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. किंडरगार्टनची पद्धत त्यांच्या शिक्षणाचा भाग होती. बालपण न मिळालेल्या मुलींनी ही पद्धत शिकून दुसऱ्यांच्या मुलांना शिकवावं आणि त्यावर स्वतःच्या पायावर उभं राहावं, ही त्यात व्यवहाराची बाजू होती. इथे फ्रोबेलचा खेळ आणि आजीचा दर पहिल्यांदा एकत्र येतात. हाताला शिक्षण मिळावं आणि त्या हाताच्या कामाचे पैसेही त्याच हातात यावेत.

भारतात फ्रोबेलचा कागद आणखी एका वाटेने पोचला. मद्रास इलाख्यातले टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये 'जिऑमेट्रिक एक्सरसाइझेस इन पेपर फोल्डिंग' हे पुस्तक काढलं. पट्टी-कंपास न वापरता, नुसत्या कागदाच्या घड्यांनी भूमितीतल्या रचना कशा सिद्ध होतात, हे त्यात दाखवलंय. ही कल्पना किंडरगार्टनच्या आठव्या भेटीवरून, म्हणजे कागद दुमडण्यावरून सुचली, असं त्यांनीच लिहिलंय. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी आपल्या व्याख्यानांत त्या पुस्तकाचा उल्लेख केला. थुरिंगियाच्या डोंगरातून निघालेली घडी मद्रासमार्गे जर्मनीच्या विद्यापीठात परत आली. आमच्या इंजिनिअरिंगला भूमितीचे प्राध्यापक होते, त्यांनी हे एकदा सांगितलं असतं तर त्या तासाला मी जागी राहिले असते.

वस्तूवरची चिठ्ठी

लाउशाच्या मुलांचं पुढे काय झालं? १९०३ मध्ये जर्मनीत मुलांच्या मजुरीविषयी नवा कायदा झाला. आधीचे कायदे कारखान्यांपुरते होते. या कायद्याने पहिल्यांदा घराच्या उंबऱ्याआत पाऊल टाकलं. स्वतःची मुलं असली तरी दहा वर्षांखालच्यांना अशा धंद्यात राबवायचं नाही, असं ठरलं. सवलती बऱ्याच होत्या आणि डोंगरातल्या खोलीत रात्री कोण काय करतंय हे बघायला निरीक्षक जाणार किती? तरीही घरात होणारं काम हे काम आहे, मदत नव्हे, हे कागदावर आलं.

१९०६ मध्ये बर्लिनला घरगुती उद्योगांचं एक प्रदर्शन भरलं. मी आत्तापर्यंत वाचलेल्या सगळ्यांत मला हे प्रदर्शन सर्वांत जास्त आवडलं. कपडे, खेळणी, कृत्रिम फुलं, लोक नाताळला एकमेकांना देतात तशाच वस्तू तिथे मांडल्या होत्या. फरक एवढाच की वस्तूंवर चिठ्ठ्या होत्या. ती करायला किती वेळ लागला आणि करणाऱ्याला किती मजुरी मिळाली. प्रदर्शनाचं भित्तिचित्र केटे कोलवित्स या चित्रकर्तीने केलं होतं, थकलेल्या कामकरी बाईच्या चेहऱ्याचं. ते चित्र उतरवल्याशिवाय आपण भेट देणार नाही, असं सम्राज्ञीने कळवलं, अशी नोंद आहे. चिठ्ठ्यांवरचे आकडे चालले, चेहरा नको होता.

आजीचा प्रश्न तो हाच. एका नगाला किती? तो प्रश्न विचारायला बर्लिनला एक अख्खं प्रदर्शन भरवावं लागलं.

त्यानंतरची कथा यंत्राची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीतून माल येणं बंद होणार हे दिसू लागलं. तेव्हा अमेरिकेत कॉर्निंगच्या कारखान्याने विजेचे दिवे फुंकणाऱ्या यंत्रावर नाताळचे गोळे काढायला घेतले. दिवसाला तीन लाखांच्या आसपास. हाताने फुंकणारा कुशल कारागीर दिवसाला सहाशे काढायचा असं म्हणतात. पाचशे कारागिरांचं काम एका यंत्राने उचललं. माझा धंदाच असला हिशेब करण्याचा आहे, त्यामुळे हा भागाकार मी लगेच केला आणि मग जरा वेळ तसाच बघत बसले. यंत्र आल्यावर लाउशातल्या मुलांची बोटं काळी व्हायची थांबतात, हे चांगलंच आहे. पण पाचशे चुलींचं काय, हे भागाकारात येत नाही. सोलापुरात विडीचा खप घटत गेला तेव्हा आमच्या गल्लीत दोन्ही भावना एकाच वेळी होत्या. खोकला कमी झाला, म्हणून बरं. आणि आता आठवड्याला रोख हातात येणार कुठून, म्हणून घोर.

लाउशात आजही काही कुटुंबं गोळे फुंकतात. २०२१ मध्ये जर्मनीने ही कला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. या उन्हाळ्यात मी तिथे जाऊन आले. गाव दरीत वसलंय, घरांच्या भिंतींवर पाटीच्या दगडाची काळी कौलं. एका दुकानात मागच्या बाजूला एक बाई ज्योतीवर नळी फिरवत होत्या. दोन फुंकरींत गोळा झाला. मी एक विकत घेतला. किंमत बघून क्षणभर हात आखडला, मग आजी आठवली आणि घासाघीस न करता पैसे दिले.

परत सोलापूर

ऑगस्टमध्ये घरी गेले तेव्हा तो गोळा कपड्यांत गुंडाळून नेला. आजीने तळहातावर घेऊन तोलला. "वजनच नाही की ह्याला," म्हणाली. मी तिला लाउशाची सगळी कथा सांगितली. टोपल्या, सोनेबर्गचे व्यापारी, चांदीच्या पाण्याने काळी झालेली बोटं. ती शांतपणे ऐकत होती. तिला त्यात नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. फक्त एक विचारलं, "पोरं शाळेत जायची का?" मी म्हटलं, जायची, पण शाळेच्या आधी आणि नंतर काम असायचं. "हां, म्हणजे तुझ्या बापासारखं."

मग मी चार पट्ट्या कापल्या आणि तिला तारा शिकवायला बसले. चौकडी तिने एका नजरेत विणली. सपाट टोकंही भराभर झाली, माझ्यापेक्षा सरळ. चाळीस वर्षांची बोटं. शंकू वळवताना मात्र पट्टी सारखी निसटायला लागली. मी म्हटलं, दे इकडे, मी करते. तिने हात मागे घेतला.

"राहू दे. उद्या करीन. ह्याला काय कुणी मोजणारा बसलाय?"

अर्धा तारा तिने देवळीत ठेवला आणि चहा टाकायला उठली. दुसऱ्या दिवशी तिने तो पुरा केला की नाही ते मला माहीत नाही, कारण मी पहाटेच्या गाडीने निघाले.

या वर्षी पुन्हा चिठ्ठ्या निघाल्यात. माझे दहा तारे तयार आहेत. प्रत्येकाच्या दोऱ्याला मी कागदाची छोटी चिठ्ठी बांधली आहे, १९०६ च्या प्रदर्शनात होती तशी. 'वेळ: पस्तीस मिनिटं. मजुरी: नाही. करणारी तिला हवं तेव्हा थांबू शकत होती.'